नवव्या इनिंगपर्यंत

माझ्याकडे एक निळा ब्लेझर आहे. त्याच्या खिशावर सोनेरी दोऱ्याने देशाचं नाव भरलेलं आहे. नाशिकला थंडीच्या दिवसांत कुणाचं लग्न असलं की मी तो हमखास घालतो, आणि हमखास कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "मास्तर, वरात किती वाजता काढायची?" मी बँडवाला नाही. मी भारताच्या बेसबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक होतो. हे सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मी नव्वदच्या दशकापासून बघत आलो आहे. आधी शंका, मग दया. "आपली बेसबॉलची टीम आहे?" आहे. "मग खेळते कुठे?" परदेशात. "जिंकते का?" कधीकधी. एवढं झालं की तो माणूस जिलेबीकडे वळतो आणि मी पुढचं बोलणं गिळून टाकतो. आज दिवाळी अंकाने पानं दिली आहेत, तेव्हा गिळणार नाही.

मी पेशाने शाळेतला पीटीचा शिक्षक. पीटीच्या मास्तरला शाळेत काय किंमत असते, हे मी सांगायला नको. गणिताच्या सरांना तास कमी पडला की आमचा तास जातो, आणि पंधरा ऑगस्टला मंडप कोसळला की आम्हाला बोलावतात. त्यात मी शिकवायचो सॉफ्टबॉल आणि बेसबॉल. मुख्याध्यापक त्याला 'ते दांडक्याचं' म्हणत. "सर, ते दांडक्याचं सामान वर्गातून हलवा, साहेब तपासणीला येणार आहेत." त्या दांडक्याने मला अर्धा आशिया दाखवली, ही गोष्ट वेगळी.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मैदानाच्या एका कोपऱ्यात होम प्लेट असते. तिथे बॅटवाला उभा राहतो. समोरून पिचर चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. बॅटवाल्याने तो समोर मारायचा आणि पळत सुटायचं. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि फिरून पुन्हा होम प्लेट. एवढी फेरी पूर्ण झाली की एक रन. तीन जण आउट झाले की समोरच्यांची पाळी. दोघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग. अशा नऊ इनिंग.

या नऊ आकड्यापाशीच आमचं घोडं अडायचं. बेसबॉलमध्ये दुबळ्या संघाची लाज राखायला एक नियम केलेला आहे. सात इनिंग झाल्या आणि दहा रनांचा फरक पडला असेल, तर सामना तिथेच थांबवतात. आठवीनंतरही तसंच. त्याहून मोठा फरक असेल तर पाचवीलाच. अंपायर हात वर करतो, दोन्ही संघ रांगेत उभे राहून टोप्या काढतात आणि घरी जातात. नियम दयाळू आहे, यात वाद नाही. पण ती दया ज्याच्यावर होते त्याला विचारा. शेजारच्या देशांशी आमची बरोबरीची लढत व्हायची, ते सामने रंगायचेही. मात्र ज्यांच्या गल्लीगल्लीत बेसबॉल खेळतात अशा मोठ्या संघापुढे उभे राहिलो की पाचवी, फार तर सातवी. बाकीचे लोक जिंकण्याची स्वप्नं बघतात. आम्ही सामना पूर्ण व्हायची बघायचो.

आता माझं काम. आमची पाळी असताना मी तिसऱ्या बेसच्या बाहेर उभा राहून खुणा करायचो. पळायचं की थांबायचं, मारायचं की सोडायचं, हे ओरडून सांगता येत नाही, समोरचे ऐकतात. म्हणून मी टोपीला हात लावणार, कान ओढणार, कोपर चोळणार, छातीवर थाप मारणार. त्यातल्या नव्वद टक्के खुणा फुकटच्या. पट्ट्याला हात लागल्यानंतरची पहिली खूण तेवढी खरी. माझी बायको एकदा सराव बघायला आली होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "तुम्हाला घामोळं झालंय का?" पण या घामोळ्यावरच आमचा संघ चालायचा. मणिपूरचे, पंजाबचे, आंध्रचे, केरळचे आणि आमचे नाशिककडचे, अशा पोरांना बांधणारी दुसरी भाषा नव्हती. हिंदी निम्म्यांना यायची, इंग्रजी मोजक्यांना. कान ओढलेला सगळ्यांना कळायचा.

आमच्या पोरांचा खरा शत्रू समोरचा संघ नव्हताच. क्रिकेट होतं. पोरगं पाळण्यातून उतरतं ते क्रिकेट खेळतच, आणि मग वयाच्या पंधराव्या वर्षी आम्ही त्याला सांगतो की चेंडू मारलास की बॅट टाकून पळ. टाकवत नाही. माझ्या पहिल्याच दौऱ्यात मालेगावचा अन्सार आमच्याकडे होता. घरचे यंत्रमाग, पोरगा वाऱ्यासारखा पळणारा. पहिल्याच सामन्यात त्याने चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊन पहिल्या बेसकडे सुटला. बेस दोन हातांवर आल्यावर त्याने लहानपणापासून जे केलं तेच केलं. वाकला आणि बॅट पुढे सरकवून बेसला टेकवली. बेसबॉलमध्ये अंग लागावं लागतं, बॅट टेकवून काही होत नाही. अंपायरने आउट दिलं. अन्सार बॅट तशीच टेकवून उभा. अंपायरला शुद्ध हिंदीत समजावत होता, "साब, देखो ना, बॅट अंदर है." अंपायरने माझ्याकडे पाहिलं. मी टोपी, कान, कोपर, सगळं चोळून पाहिलं. अन्सार हलेना. शेवटी मी जाऊन त्याला हाताला धरून आणलं. समोरच्या संघाचं हसू आवरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटत असूनही माझंही आवरत नव्हतं.

परत आल्यावर नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर मी त्याला महिनाभर एकच काम दिलं. मार, टाक, पळ. मार, टाक, पळ. सकाळी फिरायला येणारी पेन्शनर मंडळी थांबून बघायची. एकाने विचारलंच, "या मुलाला शिक्षा कसली झालीये?"

त्याच मैदानावर मला कैलास सापडला. कैलास देवरे, सटाण्याजवळच्या नामपूरचा. कॅचर कसा असतो ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी हकिकत त्याची आहे. कॅचर होम प्लेटच्या मागे उकिडवा बसतो. तोंडावर जाळी, छातीवर कवच, नडग्यांना पट्ट्यांनी बांधलेले गार्ड. पिचरचा प्रत्येक चेंडू त्याने झेलायचा. संघातले बाकीचे आठ जण बॅटवाल्याकडे तोंड करून उभे असतात, हा एकटा त्यांच्याकडे तोंड करून. म्हणजे अख्खा सामना त्यालाच दिसतो. कुठला चेंडू टाकायचा हेही तोच ठरवतो आणि मांड्यांच्या आड बोटं धरून पिचरला सांगतो. एक बोट म्हणजे जोराचा, दोन म्हणजे वळणारा, तीन म्हणजे हळू.

तिथल्या सराव शिबिरात मी आधी नाशिकचे चांगले चांगले विकेटकीपर बसवून पाहिले. चार चेंडू झाले की उठायचे, पाय झटकायचे. चेंडू आला की सवयीने उभे राहायचे. कैलासला बसवला आणि मी दुसऱ्या पोरांकडे गेलो. बऱ्याच वेळाने परत आलो तर हा तसाच बसलेला, आरामात. मी म्हटलं, "पाय नाही भरून आले?"

"कशाला भरतीन, सर? आमी शेतातल्या चाळीत कांदा निवडतो ना. सकाळी बसलो का जेवाय उठतो."

मला तेव्हाच कळलं की भारताला कॅचर मिळाला. त्याच्या हातात बाकी सगळं होतंच, ते शिकवायला मला फार कष्ट पडले नाहीत. माझ्याशी तो बरं मराठी बोलायचा, पण मनातलं काही असलं की अहिराणीवर यायचा. माझी सासुरवाडी सटाण्याची, त्यामुळे माझं अडत नव्हतं.

पुढे बरीच वर्षं, संघात माणसं आली गेली, अन्सार टिकला आणि कैलास राहिला. मोठ्या संघांसमोरच्या प्रत्येक हरलेल्या सामन्यात प्लेटमागे तोच बसलेला. पाचवीला अंपायरचा हात वर जायचा आणि हा जाळी काढून निमूट उठायचा. दोन हजार साल उलटलं तोवर त्याचे गुडघे बोलायला लागले होते. नाशिकच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता थांबा, नाहीतर चाळिशीत काठी लागेल. मीही सांगितलं. पुढच्या दौऱ्यासाठी निवड झाली तेव्हा तो मैदानावर माझ्याशेजारी बसला होता. म्हणाला, "सर, हाऊ दौरा शेवटला. मले एकदाव नववी इनिंग देखनी शे."

जिंकायचंय असं तो म्हणाला नाही.

त्या दौऱ्यातला यजमान देश कुठला ते मी लिहीत नाही. तिथल्या दोघांशी अजून नववर्षाच्या शुभेच्छांची देवाणघेवाण आहे. आमचे मुख्य प्रशिक्षक होते गिलसाहेब, पंजाबचे. सहा फूट उंच, मनाने मऊ, पण मैदानावर त्यांना शेजारून काही सुचवणं म्हणजे जोखीम. यजमानांशी सामना सुरू झाला आणि पहिल्या दोन इनिंग आम्ही धरून ठेवल्या. तिसरीपासून रनांचा पाट वाहायला लागला. गंमत अशी की आमचा पंजाबी पिचर वाईट टाकत नव्हता. तरी त्यांचा बॅटवाला हळू चेंडूला हळू आणि जोराच्या चेंडूला जोरात, जणू आधी ठरवूनच उभा असायचा. चौथी संपली तेव्हा नऊ रनांचा फरक झाला होता. प्रेक्षकांतले काही जण उठून डबे बांधायला लागले. आमच्या बाकावर कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

कैलास जाळी वर सरकवून माझ्याकडे आला. "सर, तो दुसरा बेसवरना गडी आपला बोटे वाची ऱ्हायना."

आता दुसऱ्या बेसवर उभा असलेला त्यांचा पळणारा बरोबर पिचरच्या मागे असतो. कॅचरच्या मांड्यांआडची बोटं त्याला सरळ दिसतात. तो हेल्मेटला हात लावून आपल्या बॅटवाल्याला सांगतो. यात लबाडी काही नाही, खेळात हे चालतं, ज्याला जमेल त्याने करावं. आमच्या खुणा मात्र इतक्या भोळ्या होत्या की त्यांना दोन इनिंगांत पाठ झाल्या.

"खुणा बदलू," मी म्हटलं.

"त्या बी वाचतीन. वाल्मीकले आणा सर. मी त्याले तोंडघाई सांगसू."

वाल्मीक पगार हा आमचा राखीव पिचर, कळवण-सटाण्याच्या मधल्या एका गावचा. पिचरला बोटं न दाखवता मोठ्याने, सगळ्यांच्या समोर, अहिराणीत सांगायचं, असा कैलासचा बेत होता. मला एकदम पटला. प्लेटपासून पिचर साठ फुटांवर, कैलासचा आवाज चाळीतून बांधापर्यंत जाणारा. आणि त्या अख्ख्या देशात अहिराणी कळणारी माणसं आमच्याच बाकावर तिघं.

गिलसाहेबांकडे गेलो. ते ऐकून घेताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. "वाल्मीक? उसका हाथ धीमा है यार. इनके सामने धीमा हाथ? पाँचवी में ही घर भेज देंगे."

"साहेब, जोराचा हात है, फिर भी मार खा रहे हैं. इनको पहले से पता है."

"और ये लड़का चिल्ला के बोलेगा? अंपायर?"

"बोलण्यावर बंदी नाही," मी घाईत मराठीतच म्हणालो. त्यांना कळलं असावं. सामना पाचवीत संपला तर संघटनेतले लोक पुढच्या वेळी संघ पाठवायला कुरकुर करणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. हरायचंच असेल तर आपल्या नावाजलेल्या पिचरबरोबर हरावं, म्हणजे निदान कुणी बोट दाखवत नाही. शेवटी ते म्हणाले, "देवरे माँग रहा है?"

"हां साहेब."

"तो दे दो उसको. इतने साल में उसने कुछ माँगा नहीं."

वाल्मीक मैदानात गेला. कैलास त्याच्यापर्यंत चालत गेला, पाठीवर हात ठेवला, काहीतरी बोलला आणि परत येऊन बसला. मग बसल्या बसल्या, भाजीबाजारात हाक मारतात तशा आवाजात, त्याने सुरुवात केली.

"वाल्मीक भो, याले मझार टाक. जोरमा टाक."

वाल्मीकने चेंडू जोरात, बॅटवाल्याच्या अंगाच्या बाजूने टाकला. हुकला.

"आते हयू टाक. खाले पडू दे."

हळू आला, खाली पडला. बॅटवाल्याने आधीच बॅट फिरवून टाकली होती. त्याने वळून कैलासकडे पाहिलं. अंपायरनेही वाकून पाहिलं. कैलासने दोघांनाही जाळीतून हसून दाखवलं. तिसऱ्या चेंडूच्या आधी तो म्हणाला, "घाबरू नको भो, हाऊ बी आपलासारखाच माणूस शे," आणि त्यात सूचना काहीच नव्हती, पण बॅटवाल्याने ती शोधण्यात वेळ घालवला. तिसराही हुकला, आणि तीन हुकले की आउट.

पुढे दुसऱ्या बेसवर पोचलेला त्यांचा गडी आता रिकाम्या हाताने उभा. त्यांच्या बाकावर दुभाषा होता, त्याला बोलावून कान टवकारायला लावलं. दुभाषा हिंदी शिकलेला, थोडी उर्दू जाणणारा. तो दोन चेंडू ऐकून मान हलवून परत गेला. गिलसाहेबांनी मला कोपराने ढोसलं. "ये क्या बोल रहा है?"

"साहेब, अभी बोला, भाईर टाक. बाहर डाल."

"और वो लंबा वाला?"

"वो पूछ रहा था, घर पे कांदे का भाव क्या चल रहा है."

गिलसाहेब पोट धरून हसले. आमच्या बाकावर त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं होतं. पाचवी पार पडली. सहावीत त्यांना एक रन मिळाला, आम्हीही एक काढला. सातवी दोघांचीही कोरडी गेली. फरक नऊचा नऊच. सातवी संपली आणि अंपायरने हात वर केला नाही, तेव्हा आमची पोरं सवयीने रांगेत उभी राहायला निघाली होती. त्यांना परत बोलवावं लागलं.

आठवीत मात्र त्यांनी एक रन काढला. चांगला फटका होता, त्यात कुणाचा दोष नाही. फरक दहाचा झाला. आता हिशेब अगदी साधा. आठवीच्या आमच्या पाळीत एक रन निघाला नाही, तर सामना तिथेच संपणार.

पहिला गेला. दुसरा गेला. कैलासची पाळी आली. त्याने बॅट हलवलीच नाही. त्यांचा पिचर थकला होता, चार चेंडू बाहेर गेले, आणि चार बाहेर गेले की बॅटवाल्याला पहिला बेस फुकट मिळतो. पुढच्या पोराने उजवीकडे लांब मारला आणि कैलास गुडघे ओढत, एक पाय पुढे टाकत, तिसऱ्या बेसवर माझ्याजवळ येऊन पोचला. श्वास लागला होता. मी विचारलं, "पळशील?"

"पळसू. अन्सार काय करस ते देखा."

अन्सार आता बॅट घेऊन उभा होता. तोही आता पोरसवदा राहिला नव्हता, पण पाय तेच होते. वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन आउट झालेले असताना बॅटवाला पहिल्या बेसला आउट झाला, तर तिसऱ्या बेसवरून कुणी होम प्लेटला पोचला तरी त्याचा रन धरत नाहीत. म्हणजे कैलास पळून भागणार नव्हतं. अन्सारलाही पोचायला हवं होतं.

मी टोपीला हात लावला, कोपर चोळलं, मग सगळं सोडून दिलं. आता सांगण्यासारखी खूण उरली नव्हती.

दुसऱ्याच चेंडूवर अन्सारने मारला. वाईट फटका. चेंडू जमिनीवरून घरंगळत पिचर आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध निघाला. मी ओरडलो, "जा." कैलास सुटला. तो पळत नव्हता, स्वतःला ढकलत होता. त्यांच्या गड्याने चेंडू उचलला, होम प्लेटकडे पाहिलं, मग शहाणपणाने पहिल्या बेसकडे फेकला. मी तिकडे मान वळवली. अन्सारच्या हातात बॅट होती. एवढ्या वर्षांचं मार, टाक, पळ पाण्यात. बॅट उजव्या हातात घेऊन तो वाकून सुसाट चालला होता, आणि बेस दोन हातांवर आला तेव्हा मी डोळे मिटून घेणार होतो. त्याने बॅट टेकवली नाही. बॅट उजवीकडे आडवी उंच धरली, आणि खो-खोत खांबाकडे झेप घेतात तशी झेप घेऊन डावा पंजा बेसवर आपटला. चेंडू त्याच्या मागून आला. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

अन्सार मातीत पालथा पडून ओरडत होता, "सर, हाथ लगाया, हाथ. बॅट नहीं लगाया."

तोवर कैलास होम प्लेटवर पोचला होता. फरक नऊचा झाला. पुढचा लगेच आउट झाला, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

निकाल सांगून टाकतो. आम्ही हरलो. नवव्या इनिंगमध्ये त्यांना रन मिळाला नाही, आणि आमचे तीन आले, तीन गेले. घरी आलो तेव्हा पेपरात आतल्या पानावर दोन ओळी होत्या, त्यातही 'दारुण' हा शब्द होता. पुढे आमच्या पोरांनी सामने जिंकले, मोठ्या संघांशी नऊ नऊ इनिंग खेळणं हळूहळू नेहमीचं झालं. आज मैदानावर येणाऱ्या पोरांना ही हकिकत सांगितली तर त्यांना त्यात विशेष काय ते कळत नाही, आणि ते बरंच आहे. सामना संपल्यावर यजमानांचे प्रशिक्षक दुभाष्याला घेऊन आमच्याकडे आले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ती सांकेतिक भाषा कुणी तयार केली? गिलसाहेबांनी मिशीवर ताव दिला आणि कैलासकडे बोट दाखवलं. कैलास म्हणाला, "सर, त्यास्ले सांगा, आमना गाववर आख्खा लोके हाईच बोलतस." मी सांगितलं. दुभाष्याने ते कसं सांगितलं कोण जाणे, पण ते प्रशिक्षक पुन्हा एकदा वाकले, आधीपेक्षा जरा जास्त.

माझ्या मनात मात्र त्या दिवसातलं एक वेगळंच राहिलं आहे, ते नवव्या इनिंगमधलं आहे. त्यांची पाळी सुरू व्हायची होती. कैलासला गुडघ्यांमुळे खाली वाकून गार्डच्या पट्ट्या लावता येईनात. मी पुढे होणार तेवढ्यात सहा फुटी गिलसाहेब मातीत गुडघे टेकून बसले आणि त्यांनी त्या पट्ट्या एकेक करून बांधल्या. कैलास प्लेटमागे जाऊन बसला. एक आउट झाला, दुसरा झाला. वाल्मीकचा हात आता खरंच धीमा झाला होता, आणि कैलासचा आवाज बसला होता, नुसते शब्द ऐकू येत होते, "हयू. खाले. भाईर." तिसऱ्याचा चेंडू उंच उडाला, अन्सारने तो टिपला आणि आमची पोरं आरडाओरडा करत बाकाकडे पळाली.

कैलास उठला नाही. सगळं मैदान रिकामं झालं, त्यांचा पिचर त्याच्या जागेवर आला, तरी हा प्लेटमागे उकिडवा, जाळी मांडीवर ठेवून बसलेला. मी धावत गेलो, त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "गुडघा गेला का रे? उठवू का?"

"नही सर, दुखत नही," तो म्हणाला. "बसू द्या जरासं. दरखेपले आपलाले आठून, या जागावरून, लवकर उठाडी देतस."

अंपायर घड्याळाकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाहून हात जोडले. त्याला काय कळलं ते माहीत नाही, पण तो दुसरीकडे तोंड करून उभा राहिला, आणि आम्ही दोघं तिथे बसलो.